सैन्यसेवा : सक्ती की स्वेच्छा?

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे एक गाव आहे. या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द जोडण्याची रीत आहे. पहिल्या महायुद्धात या गावाचे ४६ जवान धारातीर्थी पडले आणि त्यानंतरही तेथील घराघरांतून मुलगे सैन्यात जात राहिले. त्यांना कायद्याने कोणी सक्ती केली नव्हती. याउलट, चार पिढ्यांत कोणीही सैनिकाचा गणवेश अंगावर चढवलेला नाही, अशीही असंख्य घरे देशात आहेत. सीमेवर वीरगती मिळालेल्या जवानाचे पार्थिव तिरंग्यात गुंडाळून गावी येते, तेव्हा हा फरक मनाला बोचू लागतो. देश सर्वांचा आहे, तर त्याच्या रक्षणाचा भार काही थोड्या घरांनीच का वाहावा? प्रत्येक नागरिकाला काही काळ सैन्यसेवा सक्तीची का करू नये?

हा प्रश्न उथळ नाही. सक्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे. सैन्यात माणूस शिस्त शिकतो, शरीर कणखर होते, संकटात डोके शांत ठेवण्याची सवय लागते, हे तर ते सांगतातच. पण त्यांचा खरा मुद्दा समतेचा आहे. श्रीमंताचा आणि गरिबाचा मुलगा एकाच बराकीत राहील, एकाच पंगतीत जेवेल, तेव्हा जात, भाषा आणि प्रांत यांच्या भिंती आपोआप खचतील, असे त्यांना वाटते. शिवाय ज्याचे जळते त्याला कळते. युद्धाचा निर्णय घेणाऱ्यांची स्वतःची मुले आघाडीवर असतील, तर ते तो निर्णय दहा वेळा विचार करून घेतील. या म्हणण्यात तथ्य आहे, हे नाकारता येणार नाही.

जगातील अनेक देशांनी ही वाट स्वीकारली आहे. इस्रायलमध्ये तरुण आणि तरुणी या दोघांनाही सैन्यसेवा करावी लागते. दक्षिण कोरियात ती पुरुषांना सक्तीची आहे. स्वित्झर्लंडमध्ये २०१३ साली या विषयावर सार्वमत घेण्यात आले, तेव्हा सुमारे ७३ टक्के मतदारांनी सक्ती चालू ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. स्वीडनने २०१० साली बंद केलेली सक्ती २०१७ साली पुन्हा सुरू केली. दुसरीकडे अमेरिकेने १९७३ साली सक्तीची भरती थांबवली. ब्रिटनमधील अशा सेवेतले शेवटचे सैनिक १९६३ साली घरी परतले. म्हणजे या प्रश्नाला सर्व देशांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. इस्रायल, दक्षिण कोरिया, स्वीडन आणि स्वित्झर्लंड यांची लोकसंख्या भारताच्या तुलनेने फार लहान आहे. सैन्य उभे करायचे, तर त्यांना बहुतेक प्रत्येक घराचे दार ठोठावावे लागते.

भारताची गोष्ट निराळी आहे. येथे दरवर्षी दोन कोटींहून अधिक तरुण-तरुणी वयाची अठरा वर्षे पूर्ण करतात. देशाच्या तिन्ही सैन्यदलांची मिळून संख्या चौदा लाखांच्या आसपास आहे. एका वर्षाचीच सक्ती केली, तरी आजच्या सैन्याच्या कितीतरी पट माणसे एकाच वेळी छावण्यांत दाखल होतील. त्यांना राहायला बराकी, खायला अन्न, शिकवायला अनुभवी सुभेदार-हवालदार कोठून आणायचे? सीमेवर उभा असलेला कसलेला जवान मग कवायतीच्या मैदानावर नवशिक्यांना पावले टाकायला शिकवण्यात अडकेल. शिवाय येथे सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. पहाटेच्या अंधारात गावाबाहेरच्या रस्त्यावर धावण्याचा सराव करणारी मुले महाराष्ट्रात, हरियाणात, बिहारमध्ये, कोठेही दिसतात. भरतीच्या जागा थोड्या आणि उमेदवार हजारो, असेच चित्र असते. ज्या दारापाशी आधीच रांग लागली आहे, तेथे माणसे ओढून आणण्याची गरज काय?

यावर कोणी म्हणेल, प्रश्न संख्येचा नसून न्यायाचा आहे. पण सक्तीने न्याय होतोच, असाही इतिहासाचा दाखला नाही. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेत भरतीचा कायदा सर्वांसाठी एकच होता. तरीही महाविद्यालयात शिकणाऱ्यांना भरती पुढे ढकलण्याची सवलत होती. ज्यांच्या घरी शिक्षणासाठी पैसा होता, त्यांना या सवलतीची ढाल मिळाली आणि कामगारांच्या व गरिबांच्या मुलांवर भार अधिक पडला. असंतोष वाढल्यावर १९६९ साली सोडत पद्धत आणावी लागली. कायदा सर्वांना सारखा असला, तरी त्यातून निसटण्याच्या वाटा सर्वांना सारख्या सापडत नाहीत. ज्या समाजात ओळखीपाळखीने आणि पैशाने कामे होतात, तेथे सक्तीचा फास बहुधा दुबळ्याच्याच गळ्याला बसतो.

भारताला या बाबतीत स्वतःचाही एक अनुभव आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणाने देश हादरून गेला होता. पुढच्याच वर्षी, १९६३ साली, राष्ट्रीय छात्रसेनेचे, म्हणजे एन.सी.सी.चे, प्रशिक्षण महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सक्तीचे करण्यात आले. १९६५ च्या युद्धात छात्रसैनिकांनी पिछाडीची अनेक कामे केली, हे त्यांचे श्रेय आहे. पण संख्या एकाएकी वाढली, की प्रशिक्षक, साहित्य आणि मनापासूनची आस्था त्याच वेगाने वाढत नाही. १९६८ साली ही सक्ती मागे घेतली गेली. पुढे १९६९ साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांनिशी आरंभ झालेल्या या योजनेने तरुणांच्या हाती बंदूक दिली नाही; कुदळ, खराटा आणि पाटी-पेन्सिल दिली. छात्रसेनाही बंद पडली नाही. हौसेने येणाऱ्यांच्या बळावर ती आजपर्यंत चालत आली आहे. सक्ती माणसाला मैदानावर उभे करू शकते. त्याचे मन मात्र तिच्या हुकमाने पाऊल उचलत नाही.

या देशात सैन्यसेवेच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती विसरली तर विचार अपुरा राहतो. येथे काहींना सैन्यात जाण्याची सक्ती झाली नाही. उलट त्यांना सैन्याबाहेर ठेवले गेले. इंग्रजांच्या फौजेत पराक्रम गाजवलेल्या महार समाजाची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद करण्यात आली. काही जाती लढाऊ आणि बाकीच्या नाहीत, असे एक खोटे शास्त्र तेव्हा प्रचारात होते. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांसारख्यांनी त्याविरुद्ध लेखणी उचलली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, महारांची पलटण उभारली गेली, पण युद्ध सरताच तीही मोडण्यात आली. सुभेदार रामजींचे पुत्र असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय जवळून ओळखला होता. अखेर १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. स्त्रियांची वाट याहून लांब होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सेनेतील स्त्री-अधिकाऱ्यांचा कायम नेमणुकीचा हक्क मान्य केला. पुण्याजवळच्या खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी २०२२ साली दाखल झाली आणि २०२५ साली उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. ज्या सेवेचे दार उघडावे म्हणून लोकांनी अर्ज केले, आंदोलने केली, न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या, ती सेवा त्यांच्या दृष्टीने ओझे नव्हती. तो त्यांच्या नागरिकत्वाचा सन्मान होता. सक्तीच्या ओझ्याला असा सन्मान सहसा लाभत नाही.

अर्थात, स्वेच्छा या शब्दालाही भुलून जाता कामा नये. अवर्षणाने शेत करपले, हाताला काम नाही, घरात धाकट्या बहिणीचे लग्न थांबले आहे, अशा वेळी भरतीच्या रांगेत उभा राहणारा मुलगा पूर्णपणे स्वतःच्या इच्छेने आला, असे कसे म्हणावे? भुकेची सक्ती कायद्याच्या सक्तीहून सौम्य नसते. म्हणून स्वेच्छेचे सैन्य हवे असे म्हणणाऱ्यांवर अधिक मोठी जबाबदारी येते. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत तरुणांची भरती चार वर्षांसाठी होते आणि त्यांतील पंचवीस टक्क्यांपर्यंत जवानांना पुढे कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. उरलेल्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे देशाला दिलेली असतात. त्यांच्या पुढच्या उपजीविकेची काळजी वाहणे, हे ज्यांनी गणवेश घातला नाही अशा सर्वांचे ऋण आहे. जवान देशासाठी उभा राहतो, तसा देश जवानासाठी उभा राहिला, तरच स्वेच्छेला अर्थ उरतो.

भारतीय संविधानाने या प्रश्नाचा विचार मोठ्या संयमाने केला आहे. तेविसावा अनुच्छेद वेठबिगारीला मनाई करतो. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात, सार्वजनिक कारणासाठी राज्याला सक्तीची सेवा लागू करता येईल, असे म्हटले आहे; मात्र तसे करताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेद करता येणार नाही. १९७६ साली संविधानात मूलभूत कर्तव्यांचा समावेश झाला. त्यांत देशाचे रक्षण करणे आणि आवाहन होईल तेव्हा राष्ट्रीय सेवा बजावणे, हे एक कर्तव्य आहे. म्हणजे घोर संकटाच्या वेळी सर्वांना हाक मारण्याचा अधिकार राज्याने राखून ठेवला आहे, पण रोजच्या जीवनात ती हाक हुकूम झालेली नाही.

आवाहन या शब्दातच उत्तर दडलेले आहे. आवाहनाला ‘ओ’ देता यावी, यासाठी माणसाची तयारी लागते. ज्याला इच्छा आहे त्याच्यासाठी छात्रसेना आहे. नोकरी-व्यवसाय सांभाळून प्रशिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी १९४९ पासून प्रादेशिक सेना आहे. आणि ज्यांना यांतले काहीच शक्य नाही, त्यांच्यासाठीही राष्ट्रसेवेची दारे बंद नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला, तेव्हा मच्छीमार आपल्या होड्या मालमोटारींवर चढवून बुडालेल्या गावांकडे धावले आणि त्यांनी हजारो लोकांना वाचवले. त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता, हाती कोणाचा हुकूम नव्हता. २०२० च्या साथीत आशा सेविका रुग्णांची विचारपूस करत दारोदार फिरल्या. त्याही सैनिक नव्हत्या.

सैन्यसेवा सर्वांना सक्तीची नसावी. पण देशाचे काही देणे लागतो, या जाणिवेतून मात्र कोणालाही सूट असू नये. ती जाणीव कायद्याच्या धाकाने येत नाही. ज्या घरात, ज्या शाळेत, ज्या कामाच्या ठिकाणी माणसाला बरोबरीची वागणूक मिळते, तेथे हा देश माझा आहे असे त्याला वाटू लागते. एकदा असे वाटू लागले, की हाक येण्याची वाट न पाहता तो उठून उभा राहतो.