सायवनच्या वाटेवरचे घोसाळे

वाचकहो, या आठवड्यात तुम्हाला सायवनला न्यायचे आहे. डहाणू रोड स्टेशनात उतरा आणि पूर्वेकडे तोंड करा. पश्चिमेला समुद्र आणि चिकूच्या वाड्या. तिकडे पाहुणे पुष्कळ जातात. आपली वाट डोंगराकडची. आशागड, गंजाड मागे टाकून गाडी चारोटी नाक्याला मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडते. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा डोंगर लांबूनच दिसतो. पुढे कासा आणि कासाहून सायवन. पूर्वी हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे.

जायचे तर श्रावण-भाद्रपदात जा. खाचरात भात पोटरीला आलेले असते, वरकस जमिनीवर नागली-वरई डोलत असते. वारल्यांच्या पाड्यावर कुडाच्या भिंतींशेजारी आता पक्की घरेही दिसतात. पण छप्पर कौलांचे असो की पत्र्याचे, त्यावर एक वेल हमखास चढलेला. पिवळीधमक फुले आणि पानांआड लोंबणारी हिरवी फळे. हेच आपले घोसाळे. नाशिक-खानदेशच्या वाचकांनी गिलके म्हणावे.

या वेलाला रान लागत नाही की वेगळी मशागत लागत नाही. मृगाचा पाऊस पडला की घराच्या कडेला हात-दीड हात खोल खड्डा घ्यायचा, त्यात कुजलेले शेणखत आणि थोडी राख घालायची. रात्रभर भिजवलेले तीन-चार बी टोचायचे. उगवल्यावर दोन जोमदार रोपे ठेवायची आणि काठीचा आधार देऊन वर सोडायची. पाणी मात्र बुंध्याशी साचू देऊ नये. डहाणूच्या पावसात वेल पाण्यावाचून कधी मरत नाही, मुळे कुजूनच मरतो. म्हणून खड्डा भरताना माती उंच ओढून घ्यावी.

पहिली फुले गळतात म्हणून घाबरू नका. ती नर फुले असतात, झुबक्याने येतात. मादी फूल एकटे येते आणि त्याच्या पाठीशी बोटाएवढे फळ आधीच असते. युरियाचा मारा केलात तर वेल नुसता पाल्याने भरेल आणि फळ धरणार नाही. लावणीपासून दोन महिन्यांच्या आत-बाहेर तोडा सुरू होतो. दर तीन-चार दिवसांनी कोवळी फळे तोडावीत. तोडा लांबला की आत जाळी धरते आणि भाजी फुकट जाते. फळमाशीने डंख केलेली, पिवळी पडून गळलेली फळे वेलाखाली सडू देऊ नका. वेचून खोल पुरा. निम्मा बंदोबस्त तेवढ्यानेच होतो.

मुलांना एक काम सांगा. पहाटे उठून घोसाळ्याची फुले पाहायची आणि संध्याकाळी शिराळ्याची. घोसाळे भल्या पहाटे फुलते, शिराळे दिवस कलताना. भाऊबंद एकाच कुळीचे, पण वेळा वेगळ्या! कोणती माशी कधी येते, किती मादी फुलांना फळ धरते, हे मुलांनी वहीत टिपावे. याच डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. शाळेपर्यंत मूल येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यांचा विचार. परसातला वेलही तशीच एक शाळा आहे.

आता खरी गोष्ट सांगतो. पाड्यावरच्या एका आजींना मी विचारले, "आजी, हे बी कुठून आणलेत?" त्या हसल्या. "आणायचे कशाला? सासूने दिले." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, एका साली पैशाची नड होती. शेवटचे फळसुद्धा बाजारात गेले. पुढल्या मृगाला घरात एकही बी नाही! माहेरी चालत जाऊन भावजयीकडून मूठभर मागून आणले तेव्हा वेल परत आला. तेव्हापासून वेलावरची दोन फळे त्या कुणाला तोडू देत नाहीत.

इथली बरीच कुटुंबे भात झोडून झाले की वीटभट्टीवर किंवा दुसऱ्या कामावर गाव सोडतात. मागे छपरावर ती दोन फळे वाळत राहतात. घराला कुलूप असते आणि पुढच्या वर्षाची भाजी वर टांगलेली असते!

तुम्हीही तेच करा. निरोगी वेलावरचे, सुरुवातीच्या बहरातले सुडौल फळ राखा. ते तपकिरी होऊन खुळखुळ वाजेपर्यंत वेलावर ठेवा. मग टोकाची टोपी सुटते आणि काळे बी झडते. ते सावलीत सुकवून राखेत घालून बंद डब्यात ठेवा. उरलेली जाळी पाण्यात भिजवून, साल काढून वाळवली की अंग घासायला आणि भांडी घासायला उत्तम. प्लॅस्टिकची घासणी विकत कशाला घ्यावी? एके काळी याच जाळीची गाळणी बोटींच्या इंजिनांत वापरत.

एक ताकीद. चिरताना घोसाळ्याची फोड जिभेला लावून पाहा. कडू लागले तर सरळ फेकून द्या. आमच्या घरी एकदा "शिजल्यावर जाईल कडूपणा" म्हणून भाजी केली आणि रात्रभर सगळे ओकत होतो. कडूपणा शिजवून जात नाही. अशा वेलाचे बीही धरू नका.

गोड निघाले तर भजी करा, मुगाची डाळ घालून भाजी करा किंवा भाजून दह्यातले भरीत करा. आजारी माणसालाही पचते.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती गावरान बियाणे जपल्याबद्दल. सायवनच्या आजींना कुणी ओळखत नाही. पण काम एकच आहे. तुमच्या वेलावर यंदा दोन फळे राखा, आणि शेजारणीने मागितले तर मूठभर बी द्या. आपले संपले तर मागायला तिचेच दार असते.