नॅटीचं रान

जेम्स फेनिमोर कूपरची ‘द पायोनिअर्स’ मराठीत आणण्याचं काम मी हाती घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात एका शब्दापाशी थांबले. विल्डरनेस. ‘अरण्य’ म्हटलं की त्यात ऋषी येऊन बसतात. ‘वन’ म्हटलं की सरकारी खातं. ‘जंगल’ साऱ्या भारताला कळतं. पण आयुर्वेदातला ‘जांगल’ देश म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा मुलूख, घनदाटपणा त्या शब्दाला पुढे केव्हातरी चिकटला. उरलं ‘रान’. माझ्या आजोळी शेतालाही रानच म्हणत. आजोबा रानात गेलेत म्हणजे ज्वारी राखायला गेलेत. नांगरलेलं आणि न नांगरलेलं, दोन्ही एका शब्दात. कूपरच्या कादंबरीतली भांडणं मात्र या दोहोंमध्येच आहेत.

कादंबरी १८२३ची, तिच्यातला काळ १७९३चा. न्यूयॉर्क राज्यात ऑट्सीगो सरोवराच्या काठी झाडं तोडून टेम्पलटन हे गाव वसतंय. कूपरच्या वडिलांनी वसवलेलं कूपर्सटाऊन हेच त्याचं मूळ. गावाचा धनी न्यायाधीश मार्माड्यूक टेम्पल, आणि गावाबाहेर झोपडीत राहणारा म्हातारा शिकारी नॅटी बम्पो. ‘इकॉलॉजी’ हा शब्द हेकेलनं घडवला १८६६ साली. त्याच्या चाळीसहून अधिक वर्षं आधी ही दोन माणसं त्याच विषयावर हमरीतुमरीवर येतात.

वसंतात कबुतरांचे थवे येतात. प्रवासी कबुतरं, आभाळ झाकून टाकणारी. सारा गाव बंदुका, धनुष्यं, काठ्या घेऊन धावतो. शेवटी शेरीफ रिचर्ड जोन्स छोटी तोफ छऱ्यांनी ठासून आणतो. पक्ष्यांचा सडा पडतो, उचलायलाही कुणी नाही. नॅटी उडत्या थव्यातलं एकच कबुतर टिपतो, ते घेऊन निघून जातो. कूपरला हे लिहिताना पुढचं ठाऊक असणं शक्य नव्हतं. या जातीचं शेवटचं कबूतर, मार्था नावाची मादी, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. मी हे प्रकरण उतरवत असताना मार्था सारखी मध्ये येत होती. तिला तळटीप मात्र दिलेली नाही. तळटीप आली की वाचकाला गावकऱ्यांवर दात खाणं फार सोपं जातं, आणि कूपरनं त्या सकाळचा उत्साह खरा लिहिलाय. न्यायाधीशही बार काढतो. त्याचं मन खायला लागतं ते नंतर.

टेम्पलचं हे नेहमीचंच. मासेमारीत जाळं ओढून माशांचा ढीग काठावर येतो तेव्हा हळहळतो, पण तिथे हजर असतोच. घरच्या शेकोटीत मेपलचं लाकूड जळताना पाहून रागावतो, कारण उद्या सरपण कुठून आणायचं? त्याला झाडं हवीत, पण ठेव म्हणून. त्यासाठी तो कायद्यावर विसंबतो: ठरावीक महिन्यांत हरीण मारायचं नाही, मारलं तर साडेबारा डॉलर दंड. आणि पकडला कोण जातो? तोफ डागणारे नाहीत. नॅटी. त्याच्या कुत्र्यांचे पट्टे दुसराच कुणी कापून ठेवतो, हरीण तळ्यात उतरतं, म्हाताऱ्याला मोह आवरत नाही. झोपडीची झडती घ्यायला आलेल्यांना तो अडवतो, म्हणून खोडा, शंभर डॉलर दंड आणि महिनाभर कैद. तोच कायदा पँथर मारल्याबद्दल मात्र बक्षीस देतो! भारतीय वाचकाला, विशेषतः वनहक्कांच्या खटल्यांबद्दल वाचत आलेल्याला, हे प्रकरण परकं वाटणार नाही. मला ते टेम्पलला खलनायक न करता अनुवादायचं होतं. कारण तो कायदाही चुकीचा नाहीच. त्या गावात त्याची गरज होती.

एका संपादकांनी सुचवलं, नॅटीचं बोलणं जरा आजचं करा, ‘पर्यावरण’, ‘संवर्धन’ असे शब्द येऊ द्या. मी नाही म्हटलं. नॅटी बडबड्या, कुरकुऱ्या, स्वतःच्या नेमाची फुशारकी मारणारा शिकारी आहे. त्याचा सगळा विचार ‘वेस्ट’ या एका शब्दाभोवती फिरतो, आणि तोही तो आपल्या बोलीत वाकवून घेतो. मी ‘नासाडी’ घेतला. अपव्यय अहवालात शोभतो. नासाडी ताटापाशी ऐकू येते. पानात तेवढंच वाढून घे, असं सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा तो शब्द. नॅटीचं म्हणणं थोडंफार तेवढंच आहे.

राहिला चिंगाचगूक, नॅटीचा डेलावेअर मित्र. त्याच्या लोकांची ही जमीन. जमीन कुणाची, हा प्रश्न कूपर मोठ्या जोमानं उभा करतो, आणि मग दोन गोऱ्या घराण्यांच्या लग्नात मिटवून टाकतो. चिंगाचगूक डोंगरावरच्या वणव्यानंतर मरतो, त्याच्याबरोबर जणू सगळेच मूलनिवासी. हे मला पटत नाही. ओनायडा, ऑनन्डागा, मोहॉक आजही न्यूयॉर्क राज्यात आहेत.

माझ्या हस्तलिखितात सध्या टेम्पल ‘जंगल’ म्हणतो, नॅटी ‘रान’. एकाच इंग्रजी शब्दाला दोन मराठी शब्द का, म्हणून तपासनिसानं समासात प्रश्नचिन्हं काढलीत. ती तशीच राहणार. चिंगाचगूक या भूमीबद्दल बोलतो तिथे मात्र दोन्ही शब्द लिहून मी खोडलेत. ती ओळ अजून कोरी आहे.