फोन लोणारला पोहोचला!

परवा पुण्याचा नातू आला होता. लॅपटॉपवर त्याने चक्क एक मोबाईल उघडला. एम्युलेटर म्हणे! अँड्रॉइडचं एसडीके नोव्हेंबर २००७ मध्ये आलं, पहिला फोन अमेरिकेत ऑक्टोबर २००८ मध्ये. तोवर प्रोग्रॅमर मंडळींनी या लुटुपुटूच्या फोनवरच भागवलं. अक्षांश-रेखांश दिले की आपण तिथेच आहोत असं त्याला वाटतं. मी आपल्या लोणारचे दिले, १९.९७७ आणि ७६.५०८. ठिपका थेट सरोवरात!

त्याचं अ‍ॅप शेतकऱ्यांसाठी. नोकरी सोडून वर्षभर खपलाय. (सुनेला अजून पटलेलं नाही. असो.) एम्युलेटरवर सगळं बिनचूक. मग खरा फोन घेऊन शेतात गेलो. भर दुपारी पडद्यावरचं एक अक्षर दिसेना.

"आजोबा, त्यात ऊन नसतं," म्हणाला आणि बांधावरच लॅपटॉप उघडून रंग बदलत बसला.