भोंगा

नाशिक म्हटले की लोकांना रामकुंड आठवते. मला आठवतो तो नाशिकरोडच्या प्रेसचा भोंगा. घरात घड्याळ नव्हते, आणि त्यावाचून कधी अडलेही नाही. भोंगा झाला की आई तव्यावरची शेवटची भाकरी उतरवी आणि नाना सायकल काढीत.

१९२८ साली इथे पाच रुपयांची नोट प्रथम छापली गेली. तोवर आपल्या नोटा विलायतेहून छापून येत. नाना हे मोठ्या अभिमानाने सांगत. त्यापुढे मात्र अवाक्षर नाही. आतले घरी बोलायचे नाही आणि सुटताना फाटकावर झडती द्यायची, हा शिरस्ता. त्याचे त्यांना काही वाटत नसे. मला मात्र, का कोण जाणे, वाटे.

१९५८ साली आमच्या शाळेची सहल त्र्यंबकेश्वरला निघाली. वर्गणी दोन रुपये. महिनाअखेर होती, वाण्याची वहीही भरत आली होती.

"नाना, तुम्ही तर नोटाच छापता ना?"

आई हसली. नाना हसले नाहीत. त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. नखांच्या कडांना शाई होती.

"घरी येते ती एवढीच, बाळ."

सहलीच्या सकाळी दप्तरात दोन रुपयांची नोट सापडली. त्या आठवड्यात नाना भोंग्याच्या बरेच आधी निघत, आणि पायीच.