घाटमा धुकं शे

१५ जून २०२४, तळोदा
शाळा उघडल्या. वाचनालयात दुपारपर्यंत कोणी नाही. भित्तिपत्रकाचा नवा अंक लावला. चांदसैली घाटातल्या झाडांवर माझा लेख. अंजन, साग, मोह, सालई. चार फुलस्केप भरून. संध्याकाळी कुलूप लावताना एक मुलगा लेखासमोर उभा दिसला. बरं वाटलं. जवळ गेले तर काचेत बघून भांग पाडत होता.

१६ जून
लेक घाटापलीकडे आश्रमशाळेत रुजू झाली असेल. फोन नाही. मीही केला नाही.

१८ जून
भाचा आला. "मावशी, चार फुलस्केप उभ्याने कोण वाचणार? रोज दोन ओळी टाक. लोक जमले की मग मोठं वाचा म्हण." एक्सवर खातं काढून दिलं, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर. 'कू'वर काढलं. व्हॉट्सॲपचं चॅनेल काढलं. चहा घेतला, सुरतेची गाडी पकडली. आता निस्तरायचं मी.

१९ जून
लेखातलं एक वाक्य टाकलं. वळणावरच्या जुन्या अंजनाबद्दल. एक लाइक. भाच्याचं.

२१ जून
एक्सवर २८० अक्षरांची मर्यादा. पण काना, मात्रा, वेलांटी, मोडलेला पाय, सगळं वेगळं मोजतात. 'स्त्री' आपल्याला एक अक्षर, यंत्राला सहा. ट्विटर २००६ मध्ये निघालं, सुरुवातीच्या काळात मर्यादा १४०च होती. एसएमएस १६० अक्षरांचा, त्यातली २० नावासाठी राखली, उरली ती. २०१७ मध्ये दुप्पट केली.
देवनागरी एसएमएस तर ७० अक्षरांत संपतो. वर डोंगरात बऱ्याच जणांकडे अजून बटणांचाच फोन. म्हणजे खरी मर्यादा ७०.
माझं एक वाक्य सरासरी किती असतं ते मोजलं. लिहीत नाही इथे.

२४ जून
पाऊस लागला. काळी-पिवळीवाले आप्पा पेपर चाळायला आले, निथळत. "घाटमा धुकं शे, ताई. दिवा लाईसन चालनं पडस." तेच वाक्य जसंच्या तसं टाकलं, 'आप्पा सांगतात' असं लिहून. स्टेटसलाही ठेवलं. बाहेरच्या फळ्यावर खडूनेही लिहिलं, सहज.
रात्री फोन उघडला तर माणसंच माणसं. शिक्षक, आरोग्य केंद्रातली सिस्टर, विम्याचा एजंट, भाजीवाला. आता कसं आहे? मोठी गाडी जाईल का? एसटी सुटली का?
अंजनाचं कोणी विचारलं नाही.

२५ जून
सकाळी सातला अनोळखी नंबर. "ताई, आज घाट टाकला नाही?"

२६ जून
चॅनेलवर लोकांना बोलता येत नाही. नुसता अंगठा, नाहीतर बदाम. मी बोलणार, ते अंगठे दाखवणार. हे तर भित्तिपत्रकच झालं, काचेसकट. गट काढला.

२८ जून
स्टेटस पाहणाऱ्यांच्या यादीत लेक. पहाटे ५.४०.

२९ जून
५.४५.

१ जुलै
फळ्यासमोर थांबणारे आता ओळखू येतात. धडगावला पोस्टिंग असलेले मास्तर गाडी बंद न करता वाचतात. दूधवाला उतरतो, वाचतो, खालच्या कोपऱ्यात स्वतः काहीतरी लिहून जातो. आज वाटेवरच्या गावाचं लिहिलं: 'कोठार ठीक.' दोन शब्द. त्याला फोन लागत नाही.
खडूची पेटी बाहेरच ठेवली.

४ जुलै
'कू' बंद होतंय. काल मालकांनी जाहीर केलं. पिवळी चिमणी २०२० मध्ये आली होती, देशी भाषांची म्हणून. मराठीत लिहायला सोपं होतं, खरंच. तिथे माझे वाचक तीन. त्यातला एक मीच, जुना पासवर्ड विसरले म्हणून काढलेली. उरलेल्या दोघांना कुठे शोधू?
जागा दुसऱ्याची. उद्या तिन्ही बंद पडल्या तर? फळा वाचनालयाचा आहे. त्याचं पॉलिश उडालंय, रंग आणायचा.

८ जुलै
एक्सवर पुण्या-मुंबईचे लोक येतात. चांगले असतात. धुक्याचा फोटो मागतात. आमच्या लोकांना धुकं नकोच असतं.
त्यातल्या एका बाईंनी आठवण काढली: २०१७ च्या फेब्रुवारीत डोंबिवलीला साहित्य संमेलन भरलं होतं, तेव्हा ट्विटरवरही मराठी माणसांनी संमेलन भरवलं. हॅशटॅग लावून कविता, कथा, बोलीतलं लेखन. मंडप नाही, मानधन नाही, रुसवेफुगवे म्हणे होतेच. तेव्हा मी काय करत होते? भित्तिपत्रक.

१२ जुलै
गटात लेकीची ओळ. 'धडगाव बाजूला उघडलं. ओढा उतरला. ६.१०.' नमस्कार नाही. आई नाही. मी अंगठा दिला.
तिला गटात घेतलं कोणी? सिस्टरने.

१३ जुलै
तिने वेळ लिहिली होती ते आप्पांना आवडलं. "घाटनी खबर शिळी व्हई जास." तासापूर्वीचं धुकं कोणाच्या कामाचं? आता सगळे वेळ लिहायला लागले.

१७ जुलै
आषाढी. साबुदाणा. घाट चालू.

२० जुलै
दुपारी गटात एक फोटो. दोन बायका, एक गाठोडं. खाली: मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात फिरते आहे, सर्वांना पाठवा. वर बारीक अक्षरांत, अनेक वेळा फॉरवर्ड केलेलं.
हात गार पडले. राईनपाडा इथून लांब नाही, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं. १ जुलै २०१८. रविवार, बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारी पाच माणसं, मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी. अशाच एका मेसेजवरून ठार मारली. ग्रामपंचायतीच्या खोलीत. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. गेलेलेही पाच. आकडे असे शेजारी आले की पुढचं लिहवत नाही.
मी काय लिहावं याचा विचार करत होते. सगळं २८० च्या पुढे जात होतं. तोवर आप्पांची ओळ आली.
'कोनी देखं?'
मेसेज टाकणारा: काकांनी पाठवला.
'काकाले कोनी धाडा? कोठे? कितला वाजता?'
गप्प.
मग सिस्टर: फोटोतल्या बाई मला माहीत आहेत. फण्या, सुया विकतात. काल नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या होत्या. ताप होता. ११.३०.
मेसेज टाकणाऱ्याने तो काढून टाकला. कोणी त्याला रागावलं नाही. आप्पांनी लगेच घाटाची खबर टाकली, वेळेसकट.

२१ जुलै
फळ्यावर वरच्या कडेला कोणीतरी पिवळ्या खडूने लिहून ठेवलंय: कोनी देखं? मी पुसलं नाही.
झोप नीट लागली नाही. दुसऱ्या कुठल्या गटात आप्पा नसतील.

२७ जुलै
भयंकर पाऊस. रेंज गेली. फळा कोरा. कोरा फळा बघूनच तीन गाड्या शहाद्याकडे वळल्या.

२८ जुलै
रेंज आली. पहिली ओळ लेकीची. 'आहोत. सगळी मुलं वसतिगृहात. ५.२०.'
तीन वेळा वाचली. उत्तर काय द्यावं? 'बरं,' लिहिलं. वेळ लिहायची राहिली.

३१ जुलै
दूधवाला सांगून गेला, वळणावरचं अंजनाचं झाड पडलं. एक बाजू मोकळी आहे, जीप जाते, बस नाही.
गटात टाकलं. कोणतं झाड, कोणतं झाड? त्याला उत्तर म्हणून लेखातला तो परिच्छेद टाकला, तीन तुकड्यांत. त्या झाडाखाली पूर्वी बैलगाड्या सोडत, पाला गुरांना, बुंध्याला शेंदूर.
आणि मग लोक सुटले. मास्तर: मी पहिल्या पोस्टिंगला त्याखाली पंक्चर काढत बसलो होतो. भाजीवाला: आमची नवरी तिथे उतरली होती, गाडी बदलायला. वसतिगृहातल्या एका मुलीने पावरी बोलीत लिहिलं, मला अर्धंच कळलं. सिस्टरने सांगितलं, तिची आजी त्या झाडाला नारळ द्यायची.
रात्री अकरापर्यंत चाललं होतं. घाटाची खबर विचारणाराही मध्येच झाडाचं सांगून गेला.

१ ऑगस्ट
वाचनालयात पाच जण आले. 'तो झाडाचा लेख कुठे आहे?' चार फुलस्केप. उभ्याने वाचले. एकाने 'सालई'पाशी बोट ठेवून विचारलं, ही कोणती? सांगितली. तो म्हणाला, आमच्याकडे वेगळं नाव आहे. काचेवर चिठ्ठी लावली त्याने.

५ ऑगस्ट
भित्तिपत्रकाचा ऑगस्टचा अंक. गटातल्या ओळी हाताने उतरवल्या. अहिराणी अहिराणीत, पावरी पावरीत, मराठी मराठीत. ज्याच्या त्याच्या नावाने, ज्यांनी हो म्हटलं त्यांच्याच. शुद्धलेखन दुरुस्त करायला हात शिवशिवला.
माझा लेख या वेळी नाही. जागा उरली नाही.

९ ऑगस्ट
आदिवासी दिन. ढोल सकाळपासून. मिरवणुकीत निम्मा गट भेटला, चेहऱ्याने प्रथमच. सिस्टर माझ्यापेक्षा मोठी निघाली, मी तिला 'बेटा' लिहीत होते.
धडगावच्या 'आदिवासी जनजागृती'च्या पोरांचा विषय निघाला. साध्या मोबाइलवर, आपल्या बोलीत व्हिडिओ करतात. करोनात लसीबद्दलच्या अफवा त्यांनी अशाच खोडल्या होत्या. वसतिगृहातल्या मुलीला तिथे काम शिकायचंय. म्हणाली, लिहून कोण बघतं, तोंडाने सांगितलं तर आजीलाही कळतं. माझ्याकडे बघून मग म्हणाली, तुमचं सोडून.

२ सप्टेंबर
पोळा. फळ्यावर कोणीतरी बैल काढला. घाटाच्या खबरीला जागाच ठेवली नाही. बाजूला भिंतीवर लिहिलं.

८ सप्टेंबर
गणपतीच्या आरतीनंतर आप्पांनी २०२१ चं काढलं. तेव्हाही सप्टेंबरातच, याच घाटात दरड पडली. आजारी बायकोला खांद्यावर घेऊन नवरा निघाला. ती वाटेतच गेली. पेपरात फोटो आला होता, सगळ्यांनी पाहिला होता.
कोणीतरी विचारलं, तेव्हा आपला गट असता तर? आप्पा म्हणाले, गटाने दरड हलत नाही. मग म्हणाले, पण खालून गाडी किती वाजता कुठवर येते ते तरी कळलं असतं.
यावर कोणी बोललं नाही. प्रसाद वाटला.

९ सप्टेंबर
नंदुरबारला शिरीषकुमारांच्या स्मारकावर गेले होते. १९४२च्या चळवळीत आजच्याच तारखेला गोळीबारात गेलेला शाळकरी मुलगा. परतीच्या गाडीत डोक्यात एकच: त्या वर्षी हाताने काढलेली पत्रकं रात्रीतून हातोहात जायची. छापखान्यावर पहारा. त्यांना कोण विचारत असेल, कोनी देखं?

२९ सप्टेंबर
२०१० साली आजच्या दिवशी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. आमच्याकडे नंबर आधी येतो, रेंज नंतर. हे गटात टाकलं. सगळ्यात जास्त बदाम यालाच. वात्रटपणा चालतो म्हणजे.

६ ऑक्टोबर
पाऊस ओसरला. धुकं नाही. चार दिवस गटात फक्त 'घाट चालू'. मग तेही नाही. कोणीतरी सुप्रभातचं फूल टाकलं. हे असंच संपणार बहुतेक. भाचा म्हणतो, स्पर्धा घे, बक्षीस ठेव. बक्षीस कशातून?

१० ऑक्टोबर
लेकीची ओळ. 'भगर कापणीला आली. दुपार.' घाटाशी काही संबंध नाही.
खाली मास्तर: आमच्याकडे ज्वारी अजून हिरवी. भाजीवाला: नंदुरबारला ओली मिरची उतरायला लागली. आप्पा: मना टायर बदलाना शे, कोनकडे जुना?
बक्षीस नको.

१९ ऑक्टोबर
अस्तंब्याची यात्रा जवळ आली. धनत्रयोदशी २९ तारखेला. गुजरात, मध्य प्रदेशातूनही माणसं येतात, तळोद्यातून वर चढतात, अश्वत्थाम्याला. वाट चुकणारे, पाय मुरगळणारे, नातेवाइकांपासून तुटणारे दर वर्षी असतात. गटात ठरलं: फळा वाचनालयासमोरून उचलून रस्त्याच्या तोंडाशी न्यायचा. हरवलेल्याचं नाव, गाव, कुठे दिसला, किती वाजता. वर चढणाऱ्या दोघा-तिघांकडे बटणांचे फोन, त्यांना ७० अक्षरांत कळवायचं.
मला वाटलं होतं यात्रेवर मोठा लेख लिहावा. अश्वत्थामा, भळभळती जखम, तेल. लिहीन नंतर.

२६ ऑक्टोबर
लेकीचा मेसेज. गटात नाही, मला. 'सुट्टी लागली. यात्रेला मी फळ्यावर बसते. तुझं अक्षर लांबून वाचता येत नाही.'
खरं आहे. मास्तरही तेच म्हणाले होते.

२८ ऑक्टोबर
फळा रंगवला. वास अजून येतोय, उद्यापर्यंत वाळेल. दोन पेट्या खडू, एक ओलं फडकं, बॅटरी, चादर, पाण्याचा जार आप्पांच्या गाडीतून. पावरीत आणि गुजरातीत 'हरवलेल्यांची चौकशी इथे' असं लिहून द्यायला माणसं मिळाली. हिंदीत मी. लेक संध्याकाळच्या गाडीने उतरली, फळा बघितला, म्हणाली, उंची कमी आहे, खाली विटा लावा. विटा शोधायला आप्पा गेलेत.