रेघेने काढलेली झडप

माझं मिग रेडिओच्या गडबडीमुळे पडलं, असं मी पावणेतीन वर्षं सांगत आलो. सिन्नरच्या पुढे आम्ही ज्या माळावर विमानं उडवतो, तिथून जवळच हाय टेन्शनची लाइन जाते. तिच्यामुळे सिग्नल तुटला असणार, असं म्हटलं की ऐकणारा मान डोलावतो आणि विषय संपतो. लाइन आहे हे खरं. बाकी सगळी थाप.

आम्ही ओझरचे. इथला एचएएलचा कारखाना 1964 साली मिग-21 साठीच उभा राहिला आणि अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सगळी नोकरी तिथे फिटर म्हणून गेली. मी कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो, बाल्साची विमानं तिथेच पहिल्यांदा हातात आली. पुढे नोकरी लागल्यावर पंख्याची, म्हणजे पुढे प्रॉपेलर असलेली, रेडिओची विमानं उडवायला लागलो. चार-पाच वर्षांत हात बरा बसला. इतका बरा, की आपल्याला जेट जमेल असं वाटायला लागलं.

जेट म्हणजे खरं टर्बाइन नव्हे, त्याची किंमत माझ्या मोटरसायकलपेक्षा जास्त. ईडीएफ. नळीत बसवलेला, विजेवर फिरणारा छोटा पंखा. मी 70 मिलिमीटरचा, बारा पात्यांचा घेतला आणि मिग-21 चं दहास एक प्रमाण धरलं. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार 7.15 मीटर, माझा साडेएकाहत्तर सेंटिमीटर. खऱ्याच्या पंखांचं क्षेत्रफळ 23 चौरस मीटर, माझं 23 चौरस डेसिमीटर. हिशेब इतका सुबक आला की मी पुढचा हिशेब केलाच नाही.

पुढचा हिशेब वजनाचा होता. ठरवलं होतं 1,200 ग्रॅम, म्हणजे पंखाच्या दर चौरस डेसिमीटरवर बावन्न ग्रॅम. इतक्या लहान जेटला तेही कमी नाही. डेप्रॉनची, म्हणजे हलक्या फोमची, बॉडी तयार झाली तेव्हा ती फुलासारखी हलकी होती. मग नाक चेपू नये म्हणून त्यावर ग्लास क्लॉथ आणि इपॉक्सी. इपॉक्सी जरा जाड बसली, म्हणून ती लपवायला पुट्टी. पुट्टी घासली, खड्डे दिसले, पुन्हा पुट्टी. रंग मारला. (पहिला स्प्रेचा रंग थेट फोमवर मारला होता, त्याने शेपटीचा एक पंख पापडासारखा आक्रसला, तो नवा करावा लागला.) रात्री बारा-बारापर्यंत मी पॅनेलच्या रेघा काढत बसायचो, 0.1 च्या पेनने, रिव्हेटसुद्धा. अण्णा जाता-येता दारात थांबायचे.

"वजन करतोयस ना रे?"

"हो, अण्णा."

करत नव्हतो. शेवटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर 1,650 भरलं. मी काट्याचे सेल बदलून पाहिले.

दुसरी गोष्ट हवेची. पंख्याला त्याच्या पात्यांनी व्यापलेल्या जागेइतकी तरी वाट पुढून लागते. 70 मिलिमीटरच्या पंख्याला ती साधारण 30 चौरस सेंटिमीटर. मिगचं तोंड नाकातच असतं आणि त्या तोंडात मधोमध कोन. तो कोन, त्याला धरणाऱ्या पट्ट्या आणि फोमची जाडी वजा जाता माझ्याकडे उरले जेमतेम 26. शिवाय ओठाची कड खऱ्यासारखी धारदार केली होती. विमान उभं असताना पंखा चहूबाजूंनी हवा ओढतो. तिला धारदार कडेवरून वळता येत नाही, ती सुटते आणि नळीत भोवरे होतात. हे सगळे ईडीएफवाले जाणतात आणि म्हणून पोटाला किंवा बगलेला जास्तीची भोकं पाडतात. 'चीटर होल' म्हणतात त्याला. मला तो शब्दच आवडला नाही. चीटिंग कशाला? आपलं मिग अस्सल असणार.

टेबलावर विमान बांधून मागे स्प्रिंगचा काटा लावला. नुसता पंखा 1,380 ग्रॅम ओढत होता. बॉडीत बसवल्यावर 910. आवाजही बदलला. उघड्यावर त्याची शिट्टी वाजायची, आत गेल्यावर तो घसा बसल्यासारखा घोगरा झाला. मी काय करावं? बॅटरी जुनी असेल असं म्हणून विमान माळावर नेलं.

मित्राने धावत जाऊन फेकलं. पंधरा मीटरवर नाक खाली गेलं आणि मी सवयीने थ्रॉटल पूर्ण देऊन एलिव्हेटर ओढला. प्रॉपेलरच्या विमानात हे चालतं, कारण पंख्याचा झोत शेपटीवरून जातो. जेटमध्ये झोत नळीतून थेट मागे. शेपटीला हवा मिळते ती फक्त विमानाच्या वेगाची, आणि वेग नव्हताच. विमान गवतात गेलं. मित्र म्हणाला, "फेकताना माझाच हात खाली गेला." मी त्याला तसं म्हणू दिलं.

त्या रात्री नाकाची डागडुजी चालली होती. अण्णा येऊन बसले, चष्मा लावला आणि बाजूच्या रेघा बघायला लागले. बॉडीच्या बगलेत, पंखाच्या पुढच्या कडेजवळ, मी एक लहानसा आयत काढला होता. फोटोवरून, बिजागरीच्या खुणेसकट.

"हे काय आहे माहीत आहे का तुला?"

"पॅनेल आहे."

"झडप आहे ती. जमिनीवर इंजिन फुल केलं की नाकातून येते ती हवा पुरत नाही. मग ही आत ओढली जाते आणि बाजूने हवा घेते. वेग आला की आपोआप बंद." त्यांनी नखाने त्या आयतावर टकटक केलं. "तू नुसती रेघ काढलीयस."

मिगला, अस्सल मिगला, बगलेत भोकं होती. माझ्या मिगला त्याच भोकांचं चित्र होतं.

कटर घेतलं आणि रेघेवरूनच कापलं. दोन्ही बाजूंना, थोडी मोठीच. पुन्हा टेबलाला बांधलं तर काटा 1,190 वर गेला आणि घोगरेपणा बराचसा निघाला. अण्णा "हं" म्हणाले आणि झोपायला गेले. मी तिथेच थांबायला हवं होतं. हलकी दुसरी बॉडी करायला हवी होती. पण एवढ्या रेघा परत कोण काढणार? वजन कमी करण्यापेक्षा ताकद वाढवणं सोपं. चार सेलची मोटर काढून सहा सेलची घातली, म्हणजे पूर्ण चार्जला 25.2 व्होल्ट, आणि 80 अँपिअरचा नवा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, पुण्याच्या एका दुकानातून मागवला.

नवी मोटर जड आणि ती मागे. सीजी, म्हणजे तोलाचा बिंदू, मागे सरकला, म्हणून बॅटरी पार पुढे, कॉकपिटखाली, नळीच्या वरच्या पोकळीत कोंबली. ईएससी मात्र मागेच, पंख्याजवळ ठेवला, कारण त्याला नळीतली हवा लागून तो थंड राहतो. मधलं अंतर भरायला बॅटरीच्या दोन्ही वायरी चाळीस-चाळीस सेंटिमीटरने वाढवल्या. सोल्डर झकास झाली होती, त्याचा फोटोही मी काढला.

ही ती चूक. शेतातल्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह धाडकन बंद केला की पाइप कसा दणके देतो, ते ज्याने पाहिलंय त्याला हे लगेच कळेल. ईएससी बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. प्रत्येक वेळी वायरीतला वाहता प्रवाह एकदम थांबायला तयार नसतो, तो व्होल्टेजचा दणका देतो. वायर जितकी लांब तितका दणका मोठा. तो सोसायला ईएससीच्या तोंडाशी कपॅसिटर असतात, पण ते मूळच्या आखूड वायरीच्या मापाचे. वाढवायच्याच असतील तर मोटरकडच्या तीन वायरी वाढवाव्यात, नाहीतर बॅटरीच्या बाजूने ईएससीजवळ जास्तीचे कपॅसिटर लावावेत. टेबलावर दोन मिनिटं चालवल्यावर कपॅसिटरला बोट लावलं तर चटका बसला होता. म्हटलं, वर गेलं की हवेने गार होईल.

सर्जिकलच्या दुकानातून रबरी नळी आणली, तिला नायलॉनची दोरी बांधून गलोल केली. विमान आता 1,850 ग्रॅम, पण सुटलं ते सरळ सुटलं. 2023 च्या जानेवारीतल्या त्या सकाळी मी चार वेळा उडवलं. डोक्यावरून जाताना ती शिट्टी, चांदीचा रंग, मागे ओढलेले ते त्रिकोणी पंख. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले होते.

पाचव्या वेळी, तिसऱ्या वळणावर, शिट्टी मध्येच तुटली. मी स्टिक हलवल्या. काहीच नाही. त्या ईएससीतूनच रिसीव्हर आणि शेपटी-पंख हलवणाऱ्या सर्व्होंना वीज जात होती. तो जळाला तेव्हा मोटरबरोबर सगळंच गेलं. रिसीव्हरला वेगळी छोटी बॅटरी दिली असती, सत्तर-ऐंशी ग्रॅमची, तर मोटर बंद पडूनही विमान माळावर उतरवता आलं असतं. वजन वाढतं म्हणून दिली नव्हती. पुट्टीला वजन चाललं होतं. विमान हळूच उजवीकडे कलंडलं, लाइनच्या खालून गेलं आणि पलीकडच्या कांद्याच्या वावरात शिरलं.

धावत पोहोचलो तेव्हा एक म्हातारेबाबा आधीच तिथे होते. जिथे विमान पडलं, तिथून वीस पावलांवर ते खुरपत होते. वीस पावलं. पावणेदोन किलोहून जड, शंभराच्या आसपास वेगाने येणारं, आणि त्यांना आवाजही आला नव्हता, कारण मोटर बंद होती.

"तुमचं इमान का हो?" म्हणून ते बॅटरी उचलायला वाकले. ती फाटली होती, धूर निघत होता. मी इतक्या जोरात ओरडलो की ते दचकून खाली बसले. वाळूची बादली आणायला हवी होती, ती आणली नव्हती. दोघांनी ओंजळी-ओंजळीने माती टाकली. कांद्याच्या दोन वाफ्यांचे पैसे ते घेईनात. शेवटी मित्राने त्यांच्या खिशात कोंबले.

आणि आता लाजेची गोष्ट. घरी येऊन दुकानदाराला फोन केला आणि भांडलो. तुमचा माल खराब, पाचव्या फ्लाइटला जळतो, माणूस मेला असता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, बॅटरीची वायर वाढवली होती का?"

"नाही."

विचार न करता म्हणालो. मग मात्र विचार करून वाढवलेली वायर कापली, टोकांवर नवी हीट श्रिंक, म्हणजे तापवून आवळणारी नळी, चढवली आणि ईएससी कुरिअर केला. आठवड्याने नवा आला, फुकट. त्या खोक्यात घडी घातलेला एक कागद होता, पहिल्या खोक्यातही असणार. बारीक अक्षरात लिहिलं होतं की बॅटरीच्या बाजूची वायर वाढवू नये. अण्णांना, मित्रांना मी हाय टेन्शनची लाइन सांगितली.

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 ला हवाई दलाचा निरोप होता. अण्णा सकाळपासून टीव्हीसमोर. शेवटचं विमान उतरलं, पाण्याचे फवारे उडाले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं कशाने पडलं होतं रे नक्की?"

मी सांगितलं. वायर, चटका, कागद, दुकानदार, सगळं. ते म्हणाले, "मग त्याला फोन कर."

केला. आधी ओळख पटेना, मग पटली. मी ईएससीचे पैसे पाठवतो म्हणालो.

"वायरीला नवी हीट श्रिंक होती, सर. आमच्याकडून काळी जाते, तुमची लाल होती. मला खोलतानाच कळलं होतं."

"मग नवा का पाठवलात?"

"तुम्ही फार ओरडत होतात," तो म्हणाला. "पैसे राहू द्या. मिग परत करताय का?"

करतोय म्हटलं. बॉडी झाली आहे, झडपांसकट 240 ग्रॅम. रंग अजून दिलेला नाही. काटा आता टेबलावरच असतो.