नावावरून निवडलेली अक्षरे

गणेशोत्सवातल्या आनंदमेळ्याच्या पोस्टरसाठी मी ‘यात्रा वन’ हा फॉन्ट घेतला, तो निव्वळ नावावरून. आमच्या घरात यात्रा म्हणजे जत्रा, देवीची नाहीतर खंडोबाची. हे जुन्या वळणाचे ठसठशीत अक्षर जत्रेतल्या फलकांवरूनच आले असणार, असे मी धरून चाललो आणि मंडळाच्या स्मरणिकेत तसे छापूनही टाकले. ते साफ चूक होते. कॅथरीन ली श्मिट यांनी ही अक्षरे मुंबईच्या लोकल रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडवली आहेत. देवनागरी आधी, रोमन तिच्या वळणाने. रायपूर स्टेशनात ‘यात्रीगण कृपया ध्यान दें’ ऐकत वाढलेल्या मला रेल्वेची यात्रा सुचायला हवी होती.

दुसरी चूक मला अधिक लागली. शीर्षक फ्लेक्सची रुंदी भरेना, म्हणून मी ते आडवे ताणले. रंगवलेल्या अक्षराची जाडी चपट्या ब्रशच्या कोनातून येते. ब्रश तिरका धरला की एका दिशेची रेघ भरते, दुसरीकडची बारीक होते. ताणल्यावर उभे दंड फुगले, शिरोरेघ होती तेवढीच राहिली आणि रंगवणाऱ्याच्या हाताचा तो कोनच गेला. वर कार्यक्रमपत्रिकेचा बारीक मजकूरही मी त्यातच लावला. मोठ्या पाटीसाठी केलेले अक्षर लहान केले की त्याच्या पोटातली मोकळी जागा बुजते. ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे कळेनात, ज्येष्ठांना नावे वाचायला त्रास झाला.

आणि ‘जुने’ शोधायला मी थेट मुंबईच्या अक्षरांकडे का गेलो? गोलबाजारात, सदर बाजारात पेंटरांनी रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या लहानपणापासून डोळ्यांसमोर होत्या. सावली दिलेली, दुरंगी, कोपऱ्यात पेंटरची सही. हनीफ कुरेशींनी दिल्लीच्या पेंटर कफीलसारख्यांच्या अक्षरांचे फॉन्ट केले, तेही पेंटरांच्या नावांनिशी. मी मात्र आमच्या शहरातल्या एकाही पेंटरला कधी नाव विचारले नाही. पुढे कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा कितीतरी पाट्यांच्या जागी फ्लेक्स लागले होते.

स्मरणिकेच्या पुढच्या अंकात दुरुस्ती दिली, श्मिट यांचे नाव घातले. पाट्यांवरच्या ज्या सह्या अजून वाचता येतात, त्या आता उतरवून घेतो आहे.